पॉइंटर पाळताय? मोकळं सोडणं सगळ्यात शेवटी

पॉइंटर म्हणजे वासावर पक्षी शोधून, जागच्या जागी थांबून तो दाखवणारं शिकारी कुत्रं. या जातीचं कुत्रं हाताबाहेर जातं ते बहुतेक वेळा शिकवण्याचा क्रम चुकल्यामुळे. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू शेतावर मोकळं सोडलं की ते मालकाच्या पायात पायात येतं, म्हणून मालकाला वाटतं, हे हाकेचं आहे. सात-आठ महिन्यांत त्याचं नाक जागं होतं. मग बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या माळावर तितराचा पहिला वास लागला की ते असं सुटतं की नावाने कितीही ओरडा, कान हलत नाही. त्यानंतर मालक एक तर त्याला कायमचं साखळीला बांधतो, नाहीतर ‘दमवलं की सरळ होईल’ म्हणून दुचाकीमागे पळवतो. बांधलेलं कुत्रं चिडकं होतं. पळवलेलं कुत्रं फक्त जास्त दमदार होतं, शांत होत नाही.

खालचे टप्पे वायमरानर, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आणि इंग्लिश पॉइंटर या तिघांनाही लागू पडतात. यांत वायमरानर सर्वांत थोराड. नर ३० ते ४० किलोपर्यंत भरतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातला पाऊस, ऊस आणि उन्हाळा धरून लिहिलं आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका.

## १. पिल्लू आणण्याआधी

घरातल्या कुणाकडे रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास आहेत का, हे आधी ठरवा. ‘सगळे मिळून बघू’ हे उत्तर धरू नका. एका माणसाचं नाव ठरलं पाहिजे.

कुंपण सहा फुटांचं हवं आणि खालून उकरता येणार नाही असं. काटेरी तारेचं कुंपण चालत नाही. ही कुत्री वेगात घुसतात आणि छातीची कातडी फाडून घेतात.

आठ आठवड्यांखालचं पिल्लू घेऊ नका. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार ते विकताच येत नाही. आईला प्रत्यक्ष बघा. ती अनोळखी माणसाला बिचकून कोपऱ्यात जात असेल तर पिल्लू कितीही देखणं असो, परत फिरा. आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का, हेही विचारा. विक्रेत्याने हसून विषय बदलला तर त्यातच उत्तर आलं.

पिल्लू जून-जुलैमध्ये आणू नका, हे माझं स्पष्ट मत. आपल्याकडच्या झडीत त्याला शी-शूला बाहेर न्यायची सवय लागत नाही, घर ओलं राहतं आणि सगळेच वैतागतात. दसऱ्यानंतरचे दिवस उत्तम.

तपासा: जागा, माणूस आणि डॉक्टर हे तिन्ही ठरलेत ना? आपल्याकडच्या बऱ्याच पशुवैद्यकीय दवाखान्यांत गाई-म्हशींचंच काम जास्त असतं. कुत्र्याचं ऑपरेशन करणारा आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण, हे आताच शोधून ठेवा.

## २. पहिला महिना

झोपायची जागा घरात ठेवा. या जातींचे केस आखूड असतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतली बेळगावची पहाट त्यांना बाधते. फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. जुनी वाकळ चौपदरी करून घाला. अंगणात किंवा गोठ्यात एकटं ठेवलेलं पॉइंटर रात्रभर रडतं. माणसाच्या बरोबरीने काम करण्यासाठीच या जाती घडवल्या आहेत, त्यामुळे राखणीला बांधायचं कुत्रं हवं असेल तर दुसरी जात बघा.

लसींचं वेळापत्रक डॉक्टर देतील. साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा रोग) लस त्यात आहे का, हे मुद्दाम विचारा. भातशेती आणि उंदीर असलेल्या आपल्या भागात ती हवीच. पुढे दरवर्षीचा डोस मे महिन्यात, पावसाआधी घ्या.

शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे होईपर्यंत बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर किंवा बाजारात पिल्लाला जमिनीवर सोडू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन बसस्टँड, भाजीबाजार, बँडबाजा हे सगळं लांबून दाखवा. गणपतीत आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत बावरून पळणारी कुत्री बहुधा याच वयात काही न ऐकलेली असतात.

## ३. खाणं

पिल्लाला सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा. दिवसभराचं एकाच वेळी कधीच नाही. कारण पुढे येतं.

तीस किलोच्या, रोज पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १५०० ते १७०० कॅलरी लागतात. चांगल्या कोरड्या खाद्याच्या हिशेबात हे ४०० ते ४५० ग्रॅम होतं. घरचं द्यायचं तर नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर आणि ताकावर हे कुत्रं उभं राहत नाही. अंडी, उकडलेलं चिकन किंवा मांस, सोबत भात किंवा भाकरी, थोडी भाजी असं धरा आणि प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. शाकाहारी घर असेल तर ही अडचण पिल्लू आणण्याआधी सोडवायची असते.

मांस वेगळं उकडा. घरच्या तांबड्या रश्श्यातले तुकडे धुऊन दिले तरी कांदा-लसूण त्यात मुरलेलाच असतो, आणि तो कुत्र्याला विषारी आहे. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट बंद. गोकाकहून आलेल्या करदंटात (सुक्यामेव्याच्या मिठाईत) मनुका असतील तर डबा वरच्या फळीवर ठेवा. पॉइंटर मागच्या पायांवर उभं राहून ओट्यावरचं सहज उचलतं.

आणि ते कॅल्शियमचं सिरप! मोठ्या जातीचं पिल्लू म्हटलं की दुकानदार बाटली हातात देतोच. पिल्लांसाठीच्या चांगल्या तयार खाद्यावर असलेल्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम दिलं तर हाडं बिघडतात. डॉक्टरांनी लिहून दिलं तरच द्या.

सावधान: या जातींची छाती खोल असते. भरल्या पोटी पळाल्याने पोट फुगून पिळा पडण्याचा धोका वाढतो. पळून आल्यावर एक तास जेवण नाही, जेवल्यावर दोन तास पळणं नाही. घरातल्या मुलांनाही हे पाठ हवं.

तपासा: बरगड्यांवरून हात फिरवा. दाब न देता बरगड्या लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागल्या तर खाणं कमी करा.

## ४. शिट्टी आणि कासरा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश घ्या.

तोंडी हाक आपल्याकडे फसते याचं एक कारण घरातच असतं. मालक मराठीत ‘बस’ म्हणतो, शेतावरचा गडी कानडीत ‘बा’ म्हणून बोलावतो आणि मुलं ‘कम’ म्हणतात. ‘बस’ आणि ‘बा’ लांबून सारखेच ऐकू येतात आणि कुत्रं दोन्हीकडे दुर्लक्ष करायला शिकतं. शिट्टी सगळ्यांची एकच असते, वाऱ्यातही पोचते आणि तिच्यात राग उतरत नाही. दोन सारख्या शिट्ट्या घ्या. एक गळ्यात, एक घरात.

पहिली पायरी. जेवणाचं ताट खाली ठेवताना दोन आखूड फुंका. दोन आठवडे एवढंच. इतर कुठेही शिट्टी वाजवायची नाही.

दुसरी पायरी. दुसऱ्या खोलीतून वाजवा. धावत आलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा. कोरडी बिस्किटं इथे कमी पडतात.

तिसरी पायरी. अंगणात, मग रिकाम्या शेतात, छातीपट्ट्याला दहा मीटरचा दोर लावून. बैलाचा सुती कासरा या कामाला छान. नायलॉनचा दोर हात कापतो. दोर गळ्यातल्या पट्ट्याला कधीही बांधू नका. वेगात गेलेलं कुत्रं टोकाला पोचलं की मानेला हिसका बसतो. दोर जमिनीवर सरकत राहू द्या, गरज पडली तर पाय ठेवून थांबवा.

चौथी पायरी. थांबणं. एक लांब फुंक म्हणजे जिथे आहेस तिथे उभं राहा. ही ताटापासून सुरू करा: ताट हातात, लांब शिट्टी, कुत्रं क्षणभर थांबलं की ताट खाली. मग दोन सेकंद, पाच सेकंद, मग चालता चालता.

हमखास होणाऱ्या चुका सांगतो. येणार नाही अशी खात्री असताना शिट्टी वाजवायची नाही. आलेल्या कुत्र्याला, कितीही उशिरा आलेलं असो, रागवायचं नाही. त्याच्या लेखी मार पळाल्याबद्दल नसतो, परत आल्याबद्दल असतो. आणि बोलावून लगेच साखळी लावायची नाही. बोलवा, तुकडा द्या, पुन्हा सोडा. दहातून नऊ वेळा असं झालं तर दहाव्या वेळीही ते येतं.

तपासा: कासरा लावलेला असताना, समोर गाय, दुसरं कुत्रं किंवा खेळणारी मुलं असताना सलग दहा वेळा आलं का? नऊ वेळा आलं तर टप्पा अजून पुरा झालेला नाही.

## ५. पॉइंट धरतं तेव्हा काय करायचं

वारा समोरून असला की नाक वर करून, नागमोडी पळत ते वास शोधतं. वास लागताच डोकं एकदम एका बाजूला खेचल्यासारखं वळतं, हलती शेपूट ताठ होते, पुढचा एक पाय अर्धवट दुमडून हवेत राहतो. तोंड मिटतं. जवळून बघितलं तर फक्त नाकपुड्या हलत असतात. यालाच पॉइंट धरणं म्हणतात.

इथे मालक हमखास मोठ्याने ‘शाब्बास!’ ओरडतो, पक्षी उडतो आणि कुत्रं त्याच्यामागे सुटतं. दोन-चार वेळा असं झालं की त्याच्या मनात पक्कं बसतं: थांबायचं, मग पळायचं.

त्याऐवजी कासऱ्यावरून हात सरकवत, न बोलता, बाजूने जवळ जा. पाठीवरून सावकाश हात फिरवा. पक्षी उडू द्या. कुत्रं जागचं हललं नाही, तर दोन आखूड शिट्ट्या, तुमच्याकडे बोलावून तुकडा, आणि दिशा बदलून पुढे. खेळ एवढाच. शिकार इथे येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तितर, लावा, ससा, मोर सगळे संरक्षित आहेत. ‘कुत्र्यानेच धरलं’ म्हणून वनखात्यापुढे सुटका होईल या भ्रमात राहू नका.

मार्चपासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत टिटवीसारख्या पक्ष्यांची घरटी माळावर उघडी जमिनीवर असतात. त्या दिवसांत कासरा काढूच नका.

काठीला पीस बांधून पिल्लाला पॉइंट धरायला लावायचा खेळ पाहुण्यांना भारी आवडतो. दोन-तीनदा ठीक. रोज केला तर पिल्लू नाकाऐवजी डोळ्यांनी शोधायला शिकतं आणि पुढे फुलपाखराच्या सावलीपुढेही ताटकळत बसतं.

## ६. व्यायाम: किती आणि कसला

सांधे पक्के होईपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा वर्षापर्यंत, दुचाकीबरोबर पळवणं आणि जिन्यावरून उड्या बंद. दुचाकीला साखळी बांधून पळवणं तर कुठल्याही वयात बंद. त्याला थांबता येत नाही, आणि ही जात दम लागला तरी पळत राहते.

वाढत्या वयात मोकळं हुंदडणं आणि नाकाचं काम द्या. घरात चिकनचे तुकडे लपवून शोधायला लावा; पंधरा मिनिटांत कुत्रं पसरतं. पावसाळ्यात चार-चार दिवस बाहेर पडता येत नाही तेव्हा यावरच घर तगतं.

एप्रिल-मे महिन्यात सकाळी सात वाजायच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच बाहेर. अथणी, रायबागकडे ऊन बेळगाव शहरापेक्षा कडक, तिथे आणखी लवकर. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

## ७. पाऊस, ऊस आणि गवत

गोचीड. पाऊस असो नसो, बाहेरून आलं की रोज अंग चाचपा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीखाली आणि गळ्यातल्या पट्ट्याखाली. तांदळाएवढी गाठ बोटाला लागली तर केस बाजूला करून बघा. चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल लावणं, काडीने चटका देणं, नखाने फोडणं हे सगळं बंद. गोठ्यातलं जनावरांचं गोचीड-औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं कुत्रं यात जातं. कुत्र्यांसाठीची गोळी किंवा थेंब वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या.

ताप, खाणं सुटणं, पांढऱ्या हिरड्या, नाकातून रक्त, कॉफीच्या रंगाची लघवी यांपैकी काहीही दिसलं तर गोचीडताप धरून त्याच दिवशी रक्त तपासा. डोळे पिवळे झाले तर लेप्टोची शंका घ्या आणि लघवी हातमोज्याशिवाय पुसू नका, कारण हा रोग माणसालाही होतो.

कुसळ. दसऱ्यानंतर माळावरचं गवत वाळलं की कुसळं सुटतात. आखूड केसांतून ती कातडीत शिरतात, बोटांच्या मध्ये, कानात, डोळ्यांच्या कोपऱ्यात. डोकं सारखं एका बाजूला झटकत असेल तर कानात कुसळ आहे असंच समजा. कापूसकाडी आत घालू नका, ती कुसळ आणखी खोल ढकलते.

ऊस. उभ्या उसात पॉइंटर सोडू नका. पानांच्या करवती कडांनी डोळ्याला जखम होते, पण खरा धोका वेगळाच. रानडुकरांसाठी काही ठिकाणी तारेत वीज सोडलेली असते, फासे लावलेले असतात, गावठी बॉम्बही ठेवलेले सापडतात. वासावर नाक घालणारं कुत्रं यांत सगळ्यात आधी अडकतं. ओळखीचं शेत असलं तरी शेजारच्या बांधापलीकडे काय आहे, हे विचारून घ्या. निपाणीकडे तंबाखूच्या खळ्याजवळ बांधायचं नाही. तंबाखू चघळली तर लाळ, उलटी, थरथर सुरू होते.

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसात जळवा असतात, बिबट्याही असतो. भीमगड अभयारण्यात कुत्रं नेऊ नका.

## ८. एकटं राहायची सवय

ही कुत्री माणसाला चिकटून असतात. अचानक आठ तास एकटं ठेवलं तर दाराची चौकट कुरतडतात. चपला घालायच्या, किल्ली वाजवायची आणि बाहेर न जाताच परत बसायचं, इथून सुरुवात. मग दहा सेकंद बाहेर, मग एक मिनिट, मग पाच. रडत असताना आत येऊ नका; क्षणभर गप्प झालं की या. निघताना गळ्यात पडून निरोप घेणं बंद करा. चार तासांच्या वर रोज एकटं राहावं लागणार असेल तर शेजारच्या काकूंना पगार देऊन दुपारी फिरवायला सांगा. काम निघेल.

## ९. तातडीच्या वेळी

पोट फुगलं. ओकाऱ्या येतात पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताठ, लाळ, बेचैनी. घरचा उपाय नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फोन करत गाडी काढा. काही तासांचाच अवधी असतो. ‘सकाळी बघू’ म्हटलं तर कुत्रं हाती लागत नाही.

साप. वर घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका. उचलून गाडीत ठेवा, चालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. ते दवाखान्यात आहे का, हे निघायच्या आधी फोनवर विचारा.

ऊन लागलं. सावलीत न्या, साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा. बर्फ नको. नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं तर गार करत करतच दवाखाना.

उंदराचं औषध. शेतात वापरतात त्यात बहुधा झिंक फॉस्फाइड असतं. दूध किंवा खाणं देऊ नका, त्याने पोटातला विषारी वायू वाढतो. उलटी झाली तर खिडक्या उघडा, वास घेऊ नका. पाकीट बरोबर न्या.

यांपैकी कुठल्याही त्रासावर माणसांची पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी देऊ नका.

## १०. मोकळं सोडण्याचा पहिला दिवस

साधारण वर्षाच्या पुढे, चौथ्या टप्प्यातली दहाची कसोटी सलग तीन वेगवेगळ्या ठिकाणी पार झाली असेल तरच. जागा अशी निवडा जिथून रस्ता अर्धा किलोमीटर तरी लांब आहे, ऊस नाही, शेळ्या-मेंढ्या चरायला आलेल्या नाहीत. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला घाला.

आधी अर्धा तास कासऱ्यावर फिरवा, मग कासरा काढा, पण छातीपट्टा राहू द्या. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चाला. वारा पाठीमागून असेल तर ते फार पुढे निघून जातं. पन्नास पावलांवर गेलं की बोलवा, तुकडा द्या, पुन्हा सोडा. वीस मिनिटांत आटपा. कुत्रं अजून ताजं असतानाच साखळी लावून परत फिरा. दमून बेभान झालेलं कुत्रं शिट्टी ऐकत नाही.

एका शिट्टीला आलं नाही तर दुसरी वाजवू नका. पाठ फिरवून उलट्या दिशेला चालू लागा. बहुतेक कुत्री मागे येतात. तरीही आलं नाही तर जाऊन शांतपणे धरा, आणि पुढचा महिनाभर पुन्हा कासऱ्यावर तिसऱ्या पायरीपासून सुरू करा.